आपल्या खाचराच्या तारखा आणि संगणकातलं भात



आजचा संदेश नेहमीच्या खत-फवारणीच्या चार ओळींपेक्षा लांब आहे. दुपारी जेवणानंतर निवांत वाचा, नाहीतर घरातल्या मुलांकडून मोठ्यानं वाचून घ्या. राब भाजून झालेत, बियाणं घरात आलंय, मृग तोंडावर आहे. एकदा आवणी सुरू झाली की कुणाला डोकं वर काढायला वेळ नसतो, म्हणून आत्ताच पाठवतोय.

विठ्ठलवाडीच्या केंद्रावर बियाणं न्यायला आलेले काही जण विचारत होते, "आता म्हणे संगणकावर पीक काढतात. त्याचा आमच्या खाचराशी काय संबंध?" संबंध आहे, आणि तो थेट पैशाशी आहे. एक तर कोणतं वाण कधी पेरायचं, म्हणजे ऑक्टोबरच्या पावसात भात सापडेल की वाचेल, हे ठरवायला त्याची मदत होते. दुसरं, पीक विम्याच्या हिशेबात आता अशा तंत्रज्ञानातून आलेला आकडाही धरला जातो. म्हणून हे प्रकरण आहे तरी काय, ते समजून घेऊ.

आधी तीन शब्दांची गल्लत सोडवू. हवामान अंदाज म्हणजे पुढच्या दिवसांत काय होईल त्याचं भाकीत. हवामानाची नोंद म्हणजे काय झालं ते मोजून लिहिलेलं. आणि पीक मॉडेल म्हणजे या नोंदी, माती आणि वाण यांच्या आधारे "असं हवामान असेल तर पीक कसं वाढेल" याचा दिवसागणिक मांडलेला हिशेब. मोबाईलवर "उद्या जोरदार पाऊस" असं येतं ते मॉडेल नव्हे, निदान पिकाचं तरी नव्हे.

हा हिशेब आपल्याकडे नवीन नाही. भारतीय हवामान विभाग १८७५ चा. शेतीवरच्या रॉयल कमिशनच्या शिफारशीनंतर १९३२ मध्ये त्याचा कृषी हवामान विभाग पुण्यात सुरू झाला आणि डॉ. एल. ए. रामदास यांनी तो उभा केला. पिकाची उंची, फुटवे, फुलोऱ्याची तारीख आणि त्या दिवसाचं तापमान-पाऊस शेजारी शेजारी लिहायचं, हे काम तिथून सुरू झालं. १९४५ पासून आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठी हवामानाचं निवेदन येऊ लागलं. संगणक नंतर आला. त्याच्या पोटात जे गेलं ते अशा वह्यांतूनच गेलं, हे लक्षात ठेवा. पुढं त्याचंच काम पडणार आहे.

आता मॉडेलच्या आत काय चालतं ते बघू. भातासाठी वापरात असलेली काही नावं सांगतो. सेरेस-राईस हे डीएसएसएटी नावाच्या मोठ्या संचात येतं. ओरायझा हे फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं नेदरलँड्सच्या वाखेनिंगेनच्या शास्त्रज्ञांबरोबर केलं. इन्फोक्रॉप हे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं. नावं विसरलात तरी चालेल. सगळ्यांची रीत साधारण एकच असते.

भाताचं वय मॉडेल दिवसांवर मोजत नाही, उष्णतेवर मोजतं. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान घ्या, बेरीज करून दोननं भागा, त्यातून १० वजा करा. १० अंशांखाली भात जवळजवळ वाढत नाही, म्हणून १०. जुलैतला ढगाळ दिवस घ्या: कमाल ३०, किमान २५. सरासरी २७.५, वजा १०, म्हणजे त्या दिवशी भाताच्या खात्यात १७.५ जमा झाले. आता डिसेंबर-जानेवारीतला दिवस घ्या, उन्हाळी भाताचा: कमाल ३१, किमान १६. सरासरी २३.५, जमा फक्त १३.५. ११५ दिवसांचं वाण खरिपात दिवसाला १७.५ नं साधारण २,००० जमा करून पिकतं. तेच वाण उन्हाळी हंगामात सुरुवातीचे दोन महिने कमी जमा करतं, म्हणून पंधरा-वीस दिवस जास्त घेतं. पाटाच्या पाण्यावर दुबार भात घेणाऱ्यांना हे अनुभवानं माहीत आहेच. मॉडेलनं त्याला फक्त आकडा दिला.

जुन्या गरव्या वाणांचं आणखी एक वेगळं असतं. ती दिवसाची लांबी बघतात. दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय निसवतच नाहीत. पंधरा दिवस आधी पेरलं म्हणून पंधरा दिवस आधी कापायला मिळत नाही. म्हणून मॉडेलमध्ये प्रत्येक वाणाची आपली आपली कुंडली भरावी लागते: पहिल्या अवस्थेला किती उष्णता लागते, दिवसाच्या लांबीला किती दाद देतं, दाणा भरायला किती वेळ घेतं, दाणा किती जड.

वयाच्या जोडीला मॉडेल प्रकाश मोजतं. पान जेवढं ऊन पकडेल तेवढं अन्न तयार होतं. पावसाळ्यात पाणी भरपूर, पण ढगांमुळे ऊन कमी पडतं. उन्हाळी भात नीट पाणी दिलं तर खरिपापेक्षा जास्त का उतरतं, त्याचं मोठं कारण हेच. मग पाण्याचा जमाखर्च येतो: पाऊस किती पडला, बांधाच्या उंचीपर्यंत किती साठलं, जमिनीत किती मुरलं, उन्हानं किती उडालं. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ गुंठ्यावर सुमारे १०१ लिटर पाणी आणि एकरावर ४,०४७ लिटर. नत्राचाही असाच हिशेब असतो. फुलोऱ्याच्या वेळी तापमान ३५ अंशांच्या पुढं गेलं तर किती दाणे पोचट राहतील, हेही धरलं जातं. असं रोज एक पान उलटत मॉडेल पेरणीपासून कापणीपर्यंत जातं.

आता आपल्या कामाचं. मॉडेलचा खरा उपयोग "यंदा किती पोती होतील" हे विचारण्यात फारसा नाही. "हेच वाण गेल्या तीस वर्षांत १० जूनला पेरलं असतं तर काय झालं असतं, आणि २५ जूनला पेरलं असतं तर काय?" हे विचारण्यात आहे. खऱ्या शेतात हा प्रयोग करायला तीस वर्षं जातील. संगणकात एका दुपारीत होतो. संशोधन केंद्रं त्यासाठीच तो वापरतात.

आपल्यासाठी हा प्रश्न महत्त्वाचा का, ते तारखा मांडून बघा. कर्जत-३ सारखं हळवं वाण साधारण ११५ दिवसांचं धरू. वाणाचे दिवस राबात पेरल्यापासून मोजायचे, आवणीपासून नाही. १० जूनला पेरलं तर ३ ऑक्टोबरच्या आसपास तयार. निसवून पिकायला साधारण महिना लागतो, म्हणजे फुलोरा सप्टेंबरच्या सुरुवातीला. २५ जूनला पेरलं तर तयार १८ ऑक्टोबरला. १४५ दिवसांचं गरवं वाण १० जूनला पेरलं तर २ नोव्हेंबर उजाडतो.

याच्या शेजारी पावसाची तारीख ठेवा. मुंबईतून मान्सून परत जाण्याची सर्वसाधारण तारीख पूर्वी सप्टेंबरअखेरची धरत. २०२० मध्ये हवामान विभागानं अलीकडच्या वर्षांच्या नोंदी घेऊन तारखा बदलल्या आणि मुंबईची तारीख ८ ऑक्टोबर केली. मुंबईच्या मानानं आपण फार लांब नाही. म्हणजे १० जूनला पेरलेलं हळवं भात पाऊस जायच्या आधीच कापणीला येतं. लोंब्या वाकलेल्या, खाली पाणी, वर हस्ताचा पाऊस. कापून पसरलं तर दाण्याला मोड, उभं ठेवलं तर आडवं पडतं. २०१९ चा ऑक्टोबर आठवतोय ना? क्यार वादळ समुद्रात होतं आणि इथं कापलेलं भात पाण्यात तरंगत होतं. २०२० च्या ऑक्टोबरातही तेच दुखणं.

याचा अर्थ हळवं पेरू नका असा नाही. ज्यांचं शेत वरकस, उताराचं आहे तिथं पाणी ऑक्टोबरात टिकत नाही. गरवं लावलं तर दाणा भरताना जमीन तडकते आणि पळींज होतं. तिथं हळवंच हवं. खोलगट खाचरात, जिथं दिवाळीपर्यंत ओल राहते, तिथं निमगरवं किंवा गरवं बसतं. म्हातारी माणसं हे सांगतातच. पण त्यांनी ज्या पावसावर हे बसवलं तो पाऊस आता दहा दिवस पुढं सरकलाय. नक्षत्रांच्या तारखा सूर्यावर ठरतात, त्या जागच्या हलत नाहीत. ढगांनी मात्र तसा करार केलेला नाही. हळवं कुठल्या तारखेला पेरलं तर कापणीच्या वेळी सलग तीन-चार कोरडे दिवस मिळण्याची शक्यता वाढते, हा नेमका मॉडेलला विचारायचा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर कल्याणच्या खाडीकाठी एक येईल, मुरबाडच्या घाटाखाली दुसरं.

इथंच अडतं. मॉडेलला कुठला पाऊस द्यायचा?

२६ जुलै २००५ घ्या. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिलिमीटरही नाही. एकाच शहरातली दोन केंद्रं, अंतर पंचवीस-तीस किलोमीटर. कुलाब्याचा आकडा घेऊन कुणी कुर्ल्याचं मॉडेल चालवलं असतं तर उत्तर काय आलं असतं, तुम्हीच सांगा. आपल्या बाबतीतही हेच. राज्य सरकारनं महावेध प्रकल्पात २०१७ पासून महसूल मंडळ पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली. राज्यात ती दोन हजारांच्या वर आहेत. पूर्वी तालुक्याला एक आकडा मिळायचा, त्या मानानं ही मोठी गोष्ट आहे. पण एका मंडळात किती गावं येतात ते तुम्हाला ठाऊक आहे. केंद्र टेकडीच्या अलीकडे आणि शेत पलीकडे असलं तर आषाढातली सर एकीकडे पडते, दुसरीकडे नाही.

उन्हाचं तर त्याहून अवघड आहे. महावेधची केंद्रं पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा मोजतात. मॉडेलला सूर्यप्रकाशाचा आकडा लागतो. मग संशोधक तो उपग्रहावरून काढलेल्या माहितीतून घेतात, नाहीतर दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकावरून अंदाजतात. ढगाळ रात्र उबदार असते, फरक कमी पडतो, त्यावरून ऊन कमी असं धरायचं. पद्धत शहाणपणाची आहे, पण तो अंदाजच.

आणि काही गोष्टी बहुतेक मॉडेलांना दिसतच नाहीत. भाताचं फूल सकाळी उमलतं. नेमका त्याच वेळी आठ दिवस पाऊस लागला तर परागकण धुऊन जातात आणि लोंबी पोकळ राहते. हे नुकसान बहुतेक मॉडेलांच्या हिशेबात नसतं. खोडकिडा, करपा, बांध पोखरणारे खेकडे, खाडीचं खारं पाणी, आवणीला माणसं न मिळाल्यानं म्हातारं झालेलं रोप, हेही नसतं. नदीचा पूर तर नाहीच नाही. आपली उल्हास कर्जतकडून येते. वर घाटात कोसळलं की बदलापूर-वांगणीला नदी फुगते, मग आपल्या गावात पाऊस असो की नसो. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्या पाण्याखाली रुळांच्या बाजूची खाचरंही होती. मॉडेलच्या दृष्टीनं त्या खाचरांत फक्त "पाणी पुरेसं" होतं.

म्हणून मॉडेलचा आकडा हा "सगळं नीट झालं तर" असा आकडा समजा. समजा मॉडेल हेक्टरी ४५ क्विंटल म्हणतं आणि तुमच्याकडे ३० उतरलं. मधले १५ कुठं गेले, हा शोधायचा प्रश्न. मॉडेल खोटं म्हणून सोडून देण्यापेक्षा तो शोध जास्त कामाचा.

आता विमा. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून भात आणि गव्हासाठी उत्पादन ठरवताना तंत्रज्ञानातून काढलेल्या आकड्याला किमान ३० टक्के भार द्यायचं ठरलं. उरलेला भार पीक कापणी प्रयोगाचा. तंत्रज्ञान म्हणजे उपग्रहाची चित्रं, हवामानाच्या नोंदी, आणि मान्य पद्धतींमध्ये पीक मॉडेलही आहे. याचा परिणाम समजण्यापुरता एक काल्पनिक हिशेब करू. मंडळाचं उंबरठा उत्पादन हेक्टरी २८ क्विंटल आहे. कापणी प्रयोगात सरासरी २० निघाली. फक्त प्रयोग धरला तर घट ८ क्विंटलची, म्हणजे सुमारे २८.५ टक्के. तंत्रज्ञानाचा आकडा ३० आला, कारण त्याला फुलोऱ्यातला पाऊस दिसला नाही. मग ७० टक्के भारानं २० चे १४ आणि ३० टक्के भारानं ३० चे ९, बेरीज २३. घट उरली ५ क्विंटलची, म्हणजे सुमारे १८ टक्के. भरपाई तेवढ्यानं खाली. कधी याच्या उलटही होऊ शकतं, प्रयोगात चांगला तुकडा निवडला गेला आणि तंत्रज्ञानानं खरी घट पकडली तर. योजनेच्या अटी आणि भार वर्षागणिक बदलतात, म्हणून यंदाचं परिपत्रक कृषी सहायकांकडून समजून घ्या.

आमचं मत स्पष्ट सांगतो. मॉडेल आलं म्हणून कापणी प्रयोगाकडे दुर्लक्ष करू नका. तुमच्या गावात प्रयोग असेल त्या दिवशी दोन-चार जणांनी तिथं उभं राहावं, वजन होताना बघावं. आणि ई-पीक पाहणी करताना लागवडीची तारीख अंदाजपंचे टाकू नका. बांधावर उभं राहून "आषाढातली कुठली तरी" म्हणून १ जुलै भरली की पुढचे सगळे हिशेब त्या १ जुलैवर चालतात.

आता तुमच्याकडून काय हवंय ते. यंदाच्या खरिपात प्रत्येक सभासदानं आपल्या एका खाचराची, फक्त एकाच, नोंद ठेवायची. वाणाचं नाव. राबात पेरल्याची तारीख. आवणीची तारीख आणि रोप किती दिवसांचं होतं. खत कधी आणि किती. मग फुलोरा: शंभर चुडांतल्या पन्नास चुडांना लोंब्या बाहेर आल्या की ती तारीख. ही सगळ्यात मोलाची, आणि हीच कुणी लिहीत नाही. वाणाची कुंडली जुळवताना संशोधक आधी फुलोऱ्याची तारीखच बघतो. ती चुकली तर पुढं दाणा भरण्याचे दिवस चुकतात, म्हणजे वजनही चुकतं. शेवटी कापणीची तारीख आणि एका गुंठ्याचं झोडून वाळवलेल्या भाताचं वजन. दहा गुंठ्यांचं एकत्र वजन करून दहानं भागलंत तरी हरकत नाही, पण वाळवल्यावरच करा.

दुसरं, पाऊस. प्रत्येक गावात निदान दोघांनी तरी मोजावा. पर्जन्यमापक नसला तर सपाट बुडाचा, सरळ उभ्या बाजूंचा डबा घ्या. तोंड लहान की मोठं यानं फरक पडत नाही, कारण आपण खोली मोजतोय. बाजू मात्र वर-खाली सारख्या रुंदीच्या हव्यात. शीतपेयाची बाटली कापून घेतात ती चालत नाही, तिचं बूड खाचांचं असतं. डबा पागोळीखाली ठेवू नका, झाडाखाली नको, आणि घर किंवा झाड जेवढं उंच त्याच्या दुप्पट तरी अंतर सोडा. जमिनीवरचे शिंतोडे आत उडणार नाहीत इतका उंच ठेवा आणि वाऱ्यानं पडू नये म्हणून दगडांत पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला पट्टी उभी धरून मिलिमीटर वाचायचे, लिहायचे, डबा रिकामा करून परत ठेवायचा. साडेआठच का? हवामान विभागाची पावसाची नोंद सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ अशी धरतात. वेळ जुळली तरच आपला आकडा महावेधच्या आणि त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. ज्या दिवशी पाऊस नाही त्या दिवशी ० लिहा. जागा कोरी सोडली तर मोजायला विसरलात की पाऊसच नव्हता, हे नंतर कुणाला कळत नाही. गावाला गेलात तर "मोजला नाही" असं लिहा. मनानं आकडा भरू नका.

मोजायला लागलात की बातम्यांतले शब्दही कळतील. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून "जोरदार", ११५.६ पासून "अति जोरदार", आणि २०४.५ च्या वर गेला की "अत्यंत जोरदार". तुमच्या डब्यात तीन बोटं पाणी आणि बातमीत अत्यंत जोरदार, असं झालं तर बातमी चुकीची असेलच असं नाही. ती दुसऱ्या कुठल्या तरी डब्याची आहे.

या नोंदीनं लगेच यंदा काही मिळेल असं आम्ही म्हणत नाही. तुमची वही विम्याच्या दाव्यात सरकारी पुरावा म्हणूनही धरली जाणार नाही. पण दोन-तीन हंगामांच्या, वीस-पंचवीस खाचरांच्या तारखा आणि पाऊस हातात असला तर कर्जतच्या भात संशोधन केंद्रात जाऊन आपण नेमका प्रश्न टाकू शकतो: आमच्या भागात, आमच्या पावसावर, हळव्याची पेरणी कधी करावी, ते काढून द्या. नुसतं "मार्गदर्शन करा" म्हटलं की सगळ्या कोकणाला चालेल असं उत्तर मिळतं.

तोपर्यंत रोजच्या निर्णयाला हवामान विभागाचा कृषी सल्ला वापरा. तो जिल्ह्यासाठी दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, मेघदूत ॲपवर मराठीत दिसतो. त्यात पुढच्या पाच दिवसांचा पाऊस बघून युरिया टाकायचा की थांबायचं, एवढं ठरवलं तरी एखाद्या पोत्याचे पैसे वाहून जायचे वाचतात. विजांच्या इशाऱ्यासाठी दामिनी ॲप घरातल्या एका तरी मोबाईलवर असू द्या. आवणीच्या दिवसांत बायामाणसं उघड्या खाचरात असतात.

नोंदीचे छापील कागद विठ्ठलवाडीच्या केंद्रावर बियाण्याच्या काउंटरवर ठेवलेत, सभासदांना मोफत. ज्यांचं बियाणं न्यायचं राहिलंय त्यांनी त्याच वेळी घ्यावेत. ज्यांनी नेलंय त्यांनी साध्या वहीत रकाने आखले तरी चालतील. पाऊस मोजणाऱ्यांनी महिन्याच्या शेवटच्या दिवशी पानाचा फोटो याच नंबरवर पाठवा, वर गावाचं नाव लिहून. धूळवाफेवर पेरलेल्यांनी पेरणीची तारीख आजच लिहून टाका.